राघूचं तबक

“आज शुक्रवार हाय, बाई. तेल तं तुमी रविवारी लावता,” इंदुताई म्हणाल्या.

“लग्न जवय आलं. दोनदा लावलं तं त्याचं काय पोट बिघडते?”

मथुराबाईंनी मानही वर केली नाही. तबक मांडीवर घेऊन त्या ओसरीवर बसल्या होत्या आणि खोबरेलात बुडवलेली करंगळी एकाच जागी फिरवत होत्या. इंदुताई जे सांगायला आल्या होत्या ते ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. त्यांनी अंगणात वाळत घातलेल्या कुरड्या उगाच उलट्यासुलट्या केल्या आणि आत निघून गेल्या. सकाळपासून ही त्यांची तिसरी-चौथी खेप होती.

बोरी अरब गावात या तबकाला राघूचं तबक म्हणतात. लोखंडी पत्र्याचं, वरून पांढऱ्या इनॅमलचा काचेसारखा लेप, काठाला निळी कडा आणि मधोमध डाळिंबाच्या फांदीवर समोरासमोर बसलेले दोन राघू. ते घरात कसं आलं याच्या दोन हकिकती आहेत. पाहुणे शिकलेले असले, की कापसाच्या जिनिंगच्या गोऱ्या साहेबाच्या मडमेने जाताना पणजीला दिलं असं सांगायचं. पाहुणे घरचेच असले, की पणजोबांनी जत्रेत कोंबड्याच्या बदल्यात घेतलं असं सांगायचं. दोन्ही हकिकती खोट्या असाव्यात, पण कोंबड्याची ऐकायला जास्त बरी वाटते.

तबकाचा नियम मात्र एकच होता. ते थोरल्या मुलीबरोबर सासरी जायचं. पाठवणीच्या वेळी जिचं तबक तिने त्यात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड मांडायचं, मुलीची ओटी भरायची आणि तबक तिच्या हातात द्यायचं. ओटी भरणारी सवाष्ण हवी. मालकीण तशी नसली तर घरातली दुसरी सवाष्ण पुढे व्हायची आणि तबकाची मालकीण मागे उभी राहायची. मग त्या मुलीची मुलगी मोठी होईपर्यंत तबक सासरच्या भिंतीवर लटकायचं. अशा तीन-चार भिंती ते फिरलं होतं. माघारी मात्र कधी आलं नव्हतं.

ते मथुराबाईंनी आणलं.

मथुराबाई ही इंदुताईंच्या नवऱ्याची, सदाशिवरावांची थोरली बहीण. तिला झरीकडच्या एका गावात दिली होती. नवरा मारोती दिसायला नीट, शेती नीट, आणि घरात पहिल्यापासून एक बाई ठेवलेली. हे मध्यस्थाला ठाऊक होतं, सासूला ठाऊक होतं, शेजारच्या म्हशीलाही ठाऊक असेल. फक्त नवरीला ठाऊक नव्हतं. एके दिवशी तिने सरळ विचारलं. मारोतीने उत्तर दिलं नाही, भिंतीवरचं तबक काढलं आणि अंगणात भिरकावलं. एका राघूच्या शेपटाखाली चिंचोक्याएवढा टवका उडाला. मथुरेने तबक उचललं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मिळेल त्या एस्टीने माहेर गाठलं. आईने आधी तबक उलटंपालटं करून पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. “मानूस गेला तं गेला. हे आनलं ते बरं केलं,” एवढंच ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

तिकडून कोणी न्यायला आलं नाही, इकडून कोणी सोडायला गेलं नाही. फारकत झाली नाही. त्यामुळे कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं. ते पुस म्हणायला कोणाकडे कारण नव्हतं. पुढची चाळीसेक वर्षं मथुराबाईंनी भावाच्या शेतात कापूस वेचला, अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवली आणि गावातल्या दोन पिढ्यांची नाकं पुसली. उडालेल्या टवक्यातून आतलं काळं लोखंड दिसायचं. उघडं लोखंड गंजतं आणि गंज लेपाखाली शिरला की सगळं तबक पापुद्र्यांनी सोलत जातं. म्हणून दर रविवारी तिथे तेलाचं बोट. भाचा अंकुर एकदा म्हणाला होता, “आत्या, नंबर प्लेटवाल्याकडून रंग मारून आनतो, नव्यासारखं होईन.” त्याला त्या दिवशी भाजी वाढली गेली नाही.

इंदुताई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा ही नणंद आणि हे तबक दोन्ही आधीच होती. दोघींचं मिठावरून वाजायचं, लोणच्यावरून वाजायचं, सांडगे कोणत्या दिवशी घालायचे यावरून तर दरवर्षी वाजायचं. पण सलोनी झाली तेव्हा इंदुताईंना टायफॉइड झाला होता आणि त्या पार खंगल्या होत्या. तेव्हा त्या बाळाला मथुराबाईंनी झोळीत घालून अंगणवाडीत नेलं आणि खिचडी ढवळता ढवळता पायाने झोळी हलवली. तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, “तबक हिचं. हिची वटी मीच भरनार.” या घराकडे त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. हे एकच मागणं, तेही मागितल्यासारखं नव्हे, ठरवून टाकल्यासारखं.

आता सलोनीचं लग्न ठरलं होतं. मुलगा दिग्रसचा, स्वतःचं कृषी केंद्र. साक्षगंध झालं, पत्रिका वाटून झाल्या आणि कुरड्या घालायला बायका जमल्या. तिथे चुलतजाऊ हंसाबाईंनी चिकाचा हात पुसत विषय काढला.

“इंदुताई, वटी म्हने मथुराबाई भरनार?”

“हो. तबक त्यायचं हाय.”

“तबक त्यायचं हाय व माय, पन तो मारोती हाय का गेला? कोनाले ठाऊक हाय? पोरीच्या जल्माचा सवाल हाय, म्हनून म्हनलं.”

मथुराबाई तेव्हा विहिरीवर होत्या. इंदुताईंना हंसाबाईचा राग आला. आणि रागात माणूस करतं तेच त्यांनी केलं, म्हणजे हंसाबाईला गप्प करायचा चोख बंदोबस्त. त्यांचा मावसभाऊ रामलाल बियाण्यांचा टेम्पो घेऊन झरी जामणीकडे जायचा. त्याला फोन लावून त्यांनी सांगितलं, “तिकडं गेला तं मारोतीचं पाह्य बरं, कसा हाय तं.” मारोती जिवंत असणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. असली माणसं सहसा लवकर जात नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. नुसतं ‘हाय’ एवढं कळलं की ते हंसाबाईच्या तोंडावर फेकायचं, इतकाच बेत.

गुरुवारी रामलालचा फोन आला. “ताई, तो तं गेला न. बैलाच्या पोयाच्या टायमाले वारला, तीन वर्सं झाले म्हनतात. सांगू का बाईले?”

“तू काही सांगू नोको,” इंदुताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. न विचारता चाळीस वर्षं निभावलं होतं. विचारलं आणि घरात सुतक घेऊन बसल्या.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं. सदाशिवराव नुकतेच शेतातून आले होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “मोटर पाहून येतो,” म्हणाले आणि आले तसे शेतात गेले. मोटरीला काही झालं नव्हतं. बायकांच्या गोष्टीत आपण कशाला पडा, असं त्यांचं धोरण होतं आणि त्यात बहिणीची माया कमी होती असं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत.

म्हणजे ठरवायचं इंदुताईंनीच. आणि इथे त्यांच्याबद्दल एक सरळ सांगायला हवं, की त्यांचा या गोष्टींवर विश्वास होता. दाखवण्यापुरता नाही, पुरता. विधवेच्या हातची ओटी घेऊन पोर सासरी गेली आणि उद्या तिचं काही वाकडं झालं तर? दारव्ह्याच्या बाजारातून त्यांनी एक पितळी तबक आणलंही होतं. लागलंच तर असावं म्हणून ते गव्हाच्या कोठीमागे लपवलं. बाईंना आजच सांगावं, म्हणजे त्या आपणच बाजूला होतील. भांडणार नाहीत, शिव्या देणार नाहीत, नुसत्या बाजूला होतील. हीच अडचण होती. त्या भांडल्या असत्या तर सांगणं सोपं गेलं असतं.

शुक्रवारच्या त्या खेपा अशा वाया गेल्या. शनिवारी सलोनी मेंदीचे हात पसरून बसली होती आणि मथुराबाई तिला घास भरवत होत्या.

“आत्या, वटी भरताना रडजो नोको. मंग माह्या मेकपचं काय होईन?”

“मी कायले रडू? मले तं भिंत मोकळी होते याचा आनंद हाय.”

“खोटं.”

“घास गीय आधी.”

इंदुताई दारात उभ्या होत्या. सांगायला त्या पुन्हा आल्याच होत्या. “भाजीत मीठ जास्त झालं का?” असं काहीतरी विचारून परत फिरल्या.

लग्न दारव्ह्याच्या रस्त्यावरच्या एका लॉनमध्ये होतं. मे महिन्याचं ऊन, चार कूलर, आणि चारही कूलर मुलाकडच्या बाजूला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, फोटोवाल्याने सगळ्यांना मनासारखं हसवून घेतलं. ऊन कलल्यावर पाठवणीची तयारी झाली. सलोनीला पाटावर बसवलं. मथुराबाई मोरपंखी साडी नेसून आल्या. हातात राघूचं तबक, त्यात तांदूळ, नारळ, खण, हळकुंडं आणि सुपारी. राघू तांदळाखाली झाकले गेले होते, नुसती निळी कडा दिसत होती.

त्या सलोनीसमोर बसणार तेवढ्यात हंसाबाईंचा आवाज आला. त्यांचा आवाज मुळातच शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाणारा.

“वटी सवाशिनीनं भराव बाप्पा. इंदुताई, तुमी या न समोर.”

मुलाची आई, जी इतका वेळ सुनेच्या पदराच्या निऱ्या नीट करत होती, तिने वर पाहिलं. “म्हणजे?” तिने विचारलं.

मथुराबाई अर्ध्या वाकलेल्या तशाच थांबल्या. त्यांनी हंसाबाईंकडे पाहिलं नाही, विहीणबाईंकडे पाहिलं नाही. फक्त इंदुताईंकडे पाहिलं. तबकातला नारळ थोडा घरंगळला आणि कडेला लागून थांबला. आता इंदुताईंना काहीही सांगावं लागणार नव्हतं. नुसतं दोन पावलं पुढे व्हायचं होतं.

“बाई सवाशीनच हाय,” इंदुताई म्हणाल्या.

“पन कोनाले मालूम—”

“मले मालूम. आमच्या रामलालनं पाह्यलं त्याले, आता मांगच्या आठोड्यात. झरीच्या बजारात. चांगला ठणठणीत हाय. टरबूज घेऊन राह्यलता.”

सगळ्यांच्या माना रामलालकडे वळल्या. तो मांडवाच्या खांबाला टेकून आइस्क्रीम खात होता. त्याने चमचा तोंडातून काढला.

“हो,” तो म्हणाला. मग इंदुताईंचा चेहरा पाहून त्याने भर घातली, “मोठं होतं टरबूज.”

विहीणबाईंनी पदर पुन्हा हातात घेतला. मथुराबाई खाली बसल्या. त्यांनी सलोनीला कुंकू लावलं, पाच वेळा तांदळाची ओंजळ पदरात सोडली, नारळ ठेवला, खण ठेवला. तांदूळ सरले तसे राघू वर आले. मग रिकामं तबक पदराने पुसून त्यांनी सलोनीच्या हातात दिलं आणि तिचा अंगठा धरून टवक्यावर टेकवला.

“इथं हाय पाह्य. शेपटाखाली. इथं रविवारी तेल लावत जाजो. नाही तं जंग खाते.”

“हो आत्या.”

“खोबऱ्याचं. करडीचं नोको, चिकट होते.”

एवढंच त्या बोलल्या. रडली ती सलोनी, आणि तिचा मेकप खरंच गेला. इंदुताई मागे उभ्या राहून मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडत होत्या. खोटं बोलल्याबद्दल आणि पोरीचं भलं व्हावं म्हणून, एकाच दमात.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांच्या पिशव्यांनी आणि शिळ्या बुंदीने भरलेलं होतं. इंदुताई चहाचे दोन कप घेऊन ओसरीवर आल्या. मथुराबाई आंघोळ करून उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. त्यांचं कपाळ मोकळं होतं.

“बाई, कुंकू राह्यलं तुमचं.”

“राह्यलं नाही. लावलंच नाही.” त्यांनी कप घेतला. “बस. मारोती गेला. तीन पोये झाले.”

इंदुताईंच्या हातातला चहा बशीत सांडला. “तुमाले मालूम होतं?”

“यवतमायले अंगणवाडीची ट्रेनिंग होती न तवा. झरीकडची एक मदतनीस बाजूले बसलती. तिनं गोष्टीत गोष्ट सांगतली. मी तवा डबा पूरा खाल्ला. मंग बसमधी रडू आलं. लय आलं. कायले आलं ते मले अजून समजलं नाही.”

“अन् घरी काहून नाही सांगतलं? तीन वर्सं?”

“सांगतलं असतं तं तू वटी भरू देली असती?”

इंदुताईंपाशी याचं खरं उत्तर होतं. बाईंनी त्याची वाट पाहिली नाही.

“एवढं काम होतं कुंकवाचं. झालं,” मथुराबाई म्हणाल्या. थोडा वेळ चहा पिऊन त्यांनी विचारलं, “पन इंदू, टरबूज कायले आनलं मधात?”

“तोंडात आलं ते बोलली मी!”

“त्याले टरबूज आवडेच नाही. अन् रामलालचं तोंड पाह्यलं होतं का तू?”

दोघी हसल्या. आधी तोंडावर पदर धरून आणि मग, पाहुणे उठतील याची पर्वा न करता. हसता हसता इंदुताईंचं रडणं कधी सुरू झालं ते त्यांनाही कळलं नाही. पोर गेली होती, घर रिकामं झालं होतं आणि पोटातली भीती मात्र होती तिथेच होती.

“बाई, सलोनीले काही होनार नाही न? मी खोटं बोलली. तुमाले मालूम असून तुमी भरली.”

मथुराबाईंनी कप खाली ठेवला.

“माही वटी मायनं भरलती. भरल्या कपायाची, नाकात नथ, हातभर बांगड्या. मुहूर्त काढूनशानी. सारं बराबर होतं. मंग काय झालं?”

इंदुताईंनी डोळे पुसले आणि बशीतला चहा परत कपात ओतला.

पाहुणे गेले, दारातला मांडव सुटला, हंसाबाई बुंदीचा डबा घेऊन गेल्या. जाताना त्यांनी मोकळं कपाळ पाहिलं, तोंड उघडलं आणि इंदुताईंकडे बघून मिटलं. कोठीमागचं पितळी तबक इंदुताईंनी तांदूळ निवडायला काढलं.

रविवार आला. मथुराबाई नेहमीसारख्या तेलाची वाटी घेऊन ओसरीवर येऊन बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. वाटी तशीच हातात धरून त्यांनी अंगणाकडे पाहिलं. समोर अंगणात लग्नाच्या मांडवाचे खड्डे अजून बुजवायचे होते.

शेवटी त्या उठल्या आणि आत गेल्या. भिंतीवर तबक होतं तेवढी गोल जागा पांढरी राहिली होती, बाकी भिंत चुलीच्या धुराने पिवळी पडलेली. गोलाच्या वरच्या अंगाला खिळा होता. त्यांनी टाचा उंचावल्या, करंगळी तेलात बुडवली आणि खिळ्याला लावली, आधी माथ्याला, मग भिंतीत शिरतो तिथे.

“आता त्याले कायले, बाई?” इंदुताईंनी पोळपाटावरून विचारलं.

“तेबी लोखंडच हाय,” मथुराबाई म्हणाल्या आणि बोटाला उरलेलं तेल केसांना पुसलं.